परसातलं बिननावाचं झाड

माझं माहेर सुरिनामचं, आमच्या ह्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. तिथे समुद्र कधी गप्प बसत नाही, आणि आमच्या घरातली माणसंही कधी गप्प बसली नाहीत. लग्न होऊन मी बेटाच्या मध्यावर, उंचावरच्या व्हाकोआला आले आणि पहिल्या आठवड्यातच मला वाटायला लागलं, की माझ्या कानांना काहीतरी झालंय. इतकं शांत. धुकं यायचं, झिमझिम पाऊस यायचा, तोही आवाज न करता. घराभोवती बांबूचं कुंपण, नीट कातरलेलं, माणसाहून उंच. प्रत्येक घर असं आपापल्या बांबूत गुंडाळलेलं. पलीकडची बाई शिंकली तर ऐकू यायची, पण ती गोरी की सावळी हे मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं.

घरात आम्ही तिघं. हे सरकारी कचेरीत कारकून; सकाळच्या बसने जायचे ते पाच वाजून गेल्यावर यायचे, आणि दिवसभर बोलून दमलेले असायचे. सासूबाई मी यायच्या आधीच नऊ वर्षं गेलेल्या. राहिले सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून असायचे. माणूस चांगला, पण सुनेशी कामापुरतंच बोलायचं हे त्यांच्या पिढीचं वळण. 'पाणी', 'जेवण झालं का', 'पाऊस येतोय, कपडे काढ'. तेवढंच. मूलबाळ आम्हाला पुष्कळ उशिरा झालं, तेव्हा ती पाचसात वर्षं मी कुणाशी बोलले म्हणाल, तर परसातल्या झाडाशी.

हसू नका. माणसाला बोलायला काहीतरी लागतं.

स्वयंपाकघर तेव्हा घरापासून वेगळं होतं, पत्र्याचं. त्याच्या मागच्या दाराला लागून ते झाड होतं. झाड म्हणायचं की झुडूप, मला अजून सांगता यायचं नाही. माझ्या डोक्याच्या वर हातभर, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेल्या. पानं गर्द हिरवी, जाडसर, कडेला बारीक दाते. पान ओढलं की सहज तुटायचं नाही, मोडावं लागायचं. कोवळी पानं मात्र पोपटी आणि मऊ, त्यांच्या पाठीला बाळाच्या कानावर असते तशी लव. बारा महिने हिरवं. थंडी पडायला लागली की फुलं यायची, पांढरी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि तोंड खाली घालून. लाजल्यासारखी. नंतर तीन फुगवट्यांची गोल फळं धरायची, हिरव्या सुपारीएवढी.

हे झाड कशाचं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामंजींनी ती जागा घेतली तेव्हा ते तिथे होतंच. आधी कुणी म्हातारी मादाम राहायची म्हणे. तिने लावलं की आपोआप उगवलं, देव जाणे. मी भांडी घासताना त्याच्याशी बोलायची. भाताचं पाणी त्याच्या बुंध्याशी ओतायची, हात पुसायचं फडकं त्याच्यावर वाळत घालायची. 'आज ह्यांनी भाजीला नावं ठेवली गं,' असं सांगितलं की पानं हलायची. वाऱ्यानेच हलायची, मला काय कळत नव्हतं? पण हलायची.

मग एक दिवस ह्यांच्या मनात आलं, की पत्र्याचं स्वयंपाकघर पाडून घराला लागून सिमेंटचं बांधायचं. त्यांच्या कचेरीतल्या एकाने बांधलं होतं. जागा पावलांनी मोजली, आणि झाड बरोबर मध्ये आलं.

"हे काढावं लागेल," हे म्हणाले.

मी काय बोलणार? मामंजी बोलले. व्हरांड्यातून उठून मागे आले, झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कशाचं आहे ते?"

"कशाचं का असेना, बाबा. झाड आहे."

"नाव ठाऊक नसलेल्या झाडाला कोयता लावायचा नाही."

आता हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची माणसं कोकणातून इथे ऊस तोडायला आली, तेव्हा येताना गाऱ्हाणं घेऊन आली. घरात काही मोठं करायचं झालं, की कर्त्या पुरुषाने नारळ हातात धरून उभं राहायचं आणि देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. झाड तोडायचं तरी तसंच. झाडाला त्याच्या नावाने हाक मारायची, का तोडतो ते सांगायचं, माफी मागायची, मग कोयता. मामंजींच्या आजोबांना इथली रानं साफ करायला लावली होती. त्या रानातल्या एकाही झाडाचं नाव त्यांना येत नव्हतं. हाक मारल्याशिवाय तोडावी लागली म्हणून ते मरेपर्यंत हळहळले, आणि आपल्या मुलानातवंडांना हा नियम घालून गेले.

"नाव नसेल तर गाऱ्हाणं कुणाला घालायचं?" मामंजी म्हणाले. "नाव शोधा. मग पाडा."

हे चिडले. "आता मी कचेरी सोडून झाडाचं नाव विचारत फिरू?"

"तू कशाला? सूनबाई विचारेल."

अशी ती कामगिरी माझ्याकडे आली. मजा बघा, ज्याला झाड राहायला हवं होतं, त्याच्याच हातात फांदी दिली. पण खरं सांगते, मला आनंद झाला. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणाच्या तरी दारावर थाप मारायला कारण मिळालं होतं.

मी डहाळी पिशवीत घालून निघायची. पलीकडच्या शिंकणाऱ्या बाईकडे पहिल्यांदा गेले. ती सावळी निघाली. डहाळी बघून म्हणाली, "मो पा कोने," म्हणजे मला नाही ठाऊक, आणि हसून दार लावलं. बाजारातली फुलवाली म्हणाली, कामेलिया असेल, पण कामेलियाचं फूल मोठं असतं, हे रोडकं कसं? कोपऱ्यावरच्या लाबुतिकमध्ये, म्हणजे आमच्या वाण्याच्या दुकानात, मी चहाची पुडी घेता घेता दुकानदाराला विचारलं. त्याने चष्मा लावून पान उलटंसुलटं केलं आणि पुडीबरोबर परत माझ्या पिशवीत टाकलं. "मादाम, मी पत्र्याच्या डब्यातलं सगळं ओळखतो. झाडावरचं काही नाही." आज आठवलं की हसू येतं. ती पुडी आणि ती डहाळी एका पिशवीतून शेजारी शेजारी घरी आली.

संध्याकाळी मामंजी विचारायचे, "आज कुणाला विचारलंस?"

मी सांगायची. फुलवाली कशी बोलली, दुकानदार काय म्हणाला, त्याचा चष्मा कसा दोऱ्याने बांधलेला होता. मामंजी ऐकायचे. पुढे पुढे हसायला लागले. मग तेही काहीबाही सांगायला लागले, त्यांच्या लहानपणचं, उसाच्या गाडीचं. संध्याकाळची ती पंधरा-वीस मिनिटं. त्या घरात माझ्याशी कुणी मुद्दाम बोलायचं, ती तेवढीच वेळ.

गणपतीला भटजी माएबूर्गहून आले. त्यांनाही डहाळी दाखवली. म्हणाले, "एकवीस प्रकारची पत्री या बेटावर कुठून आणणार? पान ताजं आहे, दातेरी आहे, वाहून टाका. देवाला कळतं." मामंजी खूष. तेव्हापासून आमच्या गणपतीला दूर्वांच्या शेजारी ती पानं दरवर्षी वाहिली गेली. ह्यांना मात्र वाटलं की आता हे झाड देवाचंच ठरतंय, आणि स्वयंपाकघर काही होत नाही.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं.

मग ती भेटली. आमच्या गल्लीच्या मागे उतारावर एक नळ होता. आमचं पाणी गेलं की मी तिथे जायची. एका सकाळी एक बाई बालदी भरत होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट. मी कपाळावर कुंकू बघून मराठीत बोलले, तर तिनेही मराठीतच उत्तर दिलं, आमच्या सुरिनामकडच्या म्हाताऱ्या बोलतात तसलं, घोळून घोळून. मला रडूच यायचं बाकी राहिलं. आम्ही दोघी बोलत बसलो, बालदी भरून वाहायला लागली. बोलता बोलता तिने माझ्या पिशवीतून डोकावणारी डहाळी ओढली आणि, न बघताच, बोटांनी शेंडा खुडला. दोन पानं आणि मधला कोंब. टिचकी वाजल्यासारखा आवाज झाला.

मग तिने हाताकडे पाहिलं. "अगो बाय, ही दिते गं! तुझ्याकडे कुठून?"

"दिते?" मी म्हटलं. "म्हणजे चहा? आपण पितो तो?"

"दुसरा कसला? बारा वर्षांची असल्यापासून ह्यालाच ओरबाडत आलेय मी." तिने बोटं दाखवली. पेरं काळी पडलेली, अंगठ्याचं नख झिजलेलं. पहाटे लॉरी यायची आणि उतारावरच्या चारपाच बायकांना वरच्या चहाच्या मळ्यात घेऊन जायची, त्यांतली ती एक.

"पण ह्याला फुलं येतात, मावशी. पांढरी."

"फुलं!" ती तोंडाला पदर लावून हसली. "मळ्यात कमरेच्या वर येऊ देतात होय त्याला? वर आलं की कापलं. मी जन्मात त्याला पोटभर फुललेलं बघितलं नाही. केवढं झालंय?"

मी हात डोक्याच्या वर नेला.

"दाखव मला," ती म्हणाली. एकदम लहान मुलीसारखी. "येऊ मी? रविवारी लॉरी नसते. डोळे भरून बघते आणि जाते."

मी म्हटलं, ये की. घर सांगितलं. आणि बालदी घेऊन चढ चढायला लागले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नाव सापडलं. नाव सापडलं म्हणजे गाऱ्हाणं, गाऱ्हाणं म्हणजे कोयता. आणि संध्याकाळचं 'आज कुणाला विचारलंस' तेही संपलं.

त्या संध्याकाळी मामंजींनी विचारलं. मी म्हटलं, "आज कुणी भेटलं नाही, मामंजी."

म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले. त्यानंतर बोलतच राहिले. कधी सांगायची की बसस्टॉपवर एक मास्तर भेटले, त्यांना वाटतं लिचीच्या जातीचं असेल. असले मास्तर नव्हतेच कुठे. मामंजी म्हणायचे, "लिची? त्या मास्तराला चष्मा दे," आणि हसायचे. मीही हसायची. आत काहीतरी टोचायचं, पण हसायची.

रविवार आला. हे घरी, मामंजी व्हरांड्यात. आणि फाटकापाशी हाक ऐकू आली, "अगो बाय, आहेस का घरात?"

मी धावत गेले. ती धुतलेली पांढरी साडी नेसून आली होती, केसांत फूल, पायात बुटांच्या जागी चपला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. खास आली होती हो. मी फाटक उघडलं नाही. एका हाताने धरून उभी राहिले. मनात एकच, ही बोलकी बाई आत गेली की परसात उभी राहून मोठ्याने म्हणणार, अगो बाय, केवढी ही दिते. आणि व्हरांडा काय लांब नव्हता.

"मावशी, आज... घरात पाहुणे आहेत," मी हळूच म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून घराकडे पाहिलं. व्हरांड्यात एकटे मामंजी, ओळीने रिकाम्या खुर्च्या. मग तिने माझ्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या बोटांकडे. आणि तिला काय वाटलं ते मला कळलं. सरकारी नोकराची बायको, मळ्यातल्या बाईला दारात तरी कशी घेईल. तसं नाही गं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मग खरं काय ते सांगायला हवं होतं, आणि मामंजी मान उंचावून बघत होते.

"बरं," ती म्हणाली. केळीच्या पानातलं माझ्या हातात दिलं. "चटणी आहे. पाहुण्यांना वाढ."

नंतर मी कितीदा नळावर गेले. पाणी असतानासुद्धा गेले. ती दुसऱ्या वेळेला यायला लागली असणार. एकदा पहाटे लॉरी जाताना दिसली. मी हात वर केला, ती पलीकडच्या बाईशी बोलत होती. झाड वाचवलं मी. पण त्या दिवसापासून त्याच्याशी पूर्वीसारखं बोलवेना. भांडी घासायची, फडकं वाळत घालायची आणि आत यायची.

साठ सालचं ते मोठं वादळ आलं. आमच्याकडची सगळी माणसं अजून काळ मोजताना वादळाआधी आणि वादळानंतर असंच मोजतात. आम्ही तिघं खाटेखाली बसलो होतो आणि पत्र्याचं स्वयंपाकघर उचललं गेलेलं मी कानांनी ऐकलं. सकाळी बाहेर आले तर बांबूची कुंपणं झोपलेली, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना सगळ्यांची घरं दिसत होती. झाडाचं एक पान शिल्लक नव्हतं. पण मुळापासून हललं नव्हतं. तीन आठवड्यांत त्याला पोपटी कोंब फुटले.

मी चिखल तुडवत उतारावर गेले. नळ होता. नळामागची, मळ्यात जाणाऱ्या बायकांची घरं नव्हती. लाकडं, पत्रे, एक बूट. लोक म्हणाले, त्या घरातली माणसं जिवंत आहेत, नातेवाइकांकडे गेली, कुठे ते माहीत नाही. "कोणाला शोधताय? नाव काय बाईचं?" एकाने विचारलं.

मी उभी राहिले. नाव मला ठाऊक नव्हतं. आपल्यात बाईमाणसाला नाव कोण विचारतं? मावशी म्हटलं की झालं.

थंडी पडायला लागली, सिमेंट मिळायला लागलं, आणि हे स्वयंपाकघराचं बघू लागले. आता थांबण्यासारखं नव्हतंच. मी चार महिने उघड्यावर विटा मांडून रांधत होते. मामंजी फार थकले होते. एके संध्याकाळी ते म्हणाले, "सूनबाई, त्या झाडाचा पत्ता लागलाच नाही ना? आता काय करायचं?"

त्यांचा चेहरा बघून माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. नळ, खुडलेला शेंडा, दिते, रविवार, फाटक, नसलेले पाहुणे. लिचीवाला मास्तरही सांगितला. रडत सांगितलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चहा. आणि आपण गणपतीला वाहत होतो." थोडं हसले. मग विचारलं, "त्या बाईला परत भेटलीस?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ करून नारळ मागितला. झाड तेव्हा फुललं होतं, खाली माना घालून, आणि गेल्या वर्षीची दोनचार फळं तडकून फांद्यांना धरून होती, ती वादळातून कशी वाचली कोण जाणे. हे कचेरीच्या शर्टात हात बांधून उभे, एक डोळा घड्याळाकडे. मी मामंजींच्या मागे.

"बा चहाच्या झाडा," मामंजींनी सुरू केलं. आवाज थरथरत होता पण मोठा होता. "तू आमच्या आधीपासून हितं आहेस."

"व्हय महाराजा," आम्ही म्हटलं.

"तुझं नाव आम्हाला उशिरा कळलं. उशिराची माफी कर."

"व्हय महाराजा."

"ह्या जागी आमची चूल मांडायची आहे, म्हणून तुला काढतो. रागानं काढत नाही."

"व्हय महाराजा."

मग ते थांबले. मला वाटलं दम लागला. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"आमची सून ह्या घरात एकटी आली. तिच्याशी बोलायला आम्ही कुणी नव्हतो. तू होतास. ते आम्हाला दिसत होतं, आम्ही बोललो नाही. तिची सोबत आम्ही तोडतो आहोत. त्याचा दोष तिला लावू नकोस. आमच्यावर घे."

"व्हय महाराजा," ह्यांनी म्हटलं, आणि वळून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

कोयता ह्यांनी मारला. मी बघितलं नाही. तडकलेली फळं पदरात गोळा करत बसले.

मामंजी त्यानंतर दोन वर्षं होते. संध्याकाळी मला हाक मारायचे, विचारण्यासारखं काही नसलं तरी. स्वयंपाकघर चांगलं झालं, मोठं, धूर न होणारं. आत उभं राहिलं की समोर भिंत.

बिया मी डब्यांत लावल्या होत्या. एकच जगली. ती मी परसात लावली नाही. फाटकापाशी लावली, रस्त्यावरून दिसेल अशी, आणि तिला कुणाला कापू दिलं नाही. आता ती माझ्याहून उंच आहे. थंडीत फुलते. येणारेजाणारे थांबून विचारतात, हे कशाचं झाड? मी लगेच सांगते. पानं खुडून हातात देते, फाटक उघडते, म्हणते आत या, बसा जरा. लोक घाईत असतात. एखाद्या वयस्क बाईच्या डोक्याला रुमाल दिसला, की मी व्हरांड्यातून उठते आणि ती जवळ येईपर्यंत तिच्या बोटांकडे बघत राहते.